इन्सुलिनचा डोस चुकला, तर आधी रुग्णाकडे जा

नव्या नर्सकडून सहज होणारी चूक: १०० युनिट प्रति मिलीचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरणं. खूण १० ची दिसते, आत जातात २५ युनिट. सिरिंजचं लाल टोपण ४० चं, नारिंगी १०० चं. घाईत दोन्ही सारखीच वाटतात, म्हणून व्हायलवरचा, म्हणजे इन्सुलिनच्या बाटलीवरचा, आकडा वाचायचाच.

चूक कळताच ग्लुकोमीटरने साखर तपासा आणि इन्चार्ज सिस्टर व ड्युटी डॉक्टरांना लगेच सांगा: कोणतं, किती, किती वाजता. ओरडा बसेल या भीतीने गेलेली वीस मिनिटं रुग्णाची असतात. साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण नीट गिळत असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असेल तर तोंडाने काहीही नको. शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) लागेल, तयारी ठेवा. एक रीडिंग बरं आलं म्हणून थांबू नका, साध्या इन्सुलिनचा परिणामही सहा ते आठ तास राहतो. पुढच्या शिफ्टला हे तोंडी सांगा.

नोंदीत खाडाखोड नको. आणि हात थरथरत असताना पुढचा औषधांचा राउंड एकटीने करू नका, सहकारी नर्सला डोस पडताळायला बोलवा. दुसरी चूक बहुतेकदा तिथेच होते.