घरात कुणी ॲडमिट व्हायच्या आधी: आयुष्मान आणि जनआरोग्यची तयारी

आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य या सरकारी योजनांतून हॉस्पिटलात पैसे न भरता उपचार होतात, पण ऑपरेशनची तारीख पडली की कागद शोधायला बसतात लोक, ते आत्ताच करा. पहिलं आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नावं जुळवा, आधारवर बाळासाहेब आणि रेशनकार्डवर बाळू असेल तर नेमकं तिथेच गाडी अडते. आधारला मोबाईल नंबर लिंक आहे ना, तो चालू आहे ना तेही बघा, कारण म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशिनवर उठत नाहीत, मग ओटीपी नाहीतर चेहरा स्कॅन एवढंच उरतं. मग आयुष्मान ॲपवर नाव शोधून केवायसी करून कार्ड काढून घ्या. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अटच नाही, तरी आई-वडिलांचं कार्ड काढलेलं नसतं, का कुणास ठाऊक.

5 लाखांचं कव्हर माणशी नाही हां, अख्ख्या कुटुंबाला वर्षाला मिळून आहे. एकाच्या बायपासमध्ये बरेच गेले तर बाकीच्यांना उरलेलंच, म्हणून शिल्लक किती ते आधी विचारा. जुना आजार असला तरी चालतो, पण नुसती ओपीडी, चष्मा, दातांची नेहमीची कामं यात धरू नका.

हॉस्पिटलचं मात्र नीट बघा. बाहेर योजनेचा बोर्ड आहे म्हणजे सगळंच होतं असं नाही, एखादं हॉस्पिटल फक्त हाडांसाठी किंवा फक्त किडनीसाठी यादीत असतं, आणि काही पॅकेज (योजनेत ठरवून दिलेले उपचार) तर सरकारी दवाखान्यांनाच राखून ठेवलेली असतात. 14555 या हेल्पलाइनवर नाहीतर महाराष्ट्रात 155388 वर फोन करून हॉस्पिटलचं आणि आजाराचं नाव सांगून सरळ विचारा. पोचलात की बिलिंग काउंटरच्या आधी आरोग्यमित्राचं (हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनिसाचं) टेबल गाठा आणि योजनेतून करायचंय हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण प्री-ऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) हॉस्पिटलच टाकतं आणि आधी पैसे भरून मागून बिलं लावायची ही स्कीम नाही. सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स सोबत ठेवा. इमर्जन्सी असेल तर अर्थात आधी पेशंट, कागद मागून. कुणी डिपॉझिट मागितलंच तर वाद घालत बसू नका, पावती मागा आणि तिथूनच हेल्पलाइनला फोन लावा.

डिस्चार्जनंतरची काही दिवसांची औषधं आणि फॉलोअप पॅकेजमध्येच येतात, तेवढं घरी निघायच्या आधी मागून घ्या, आपणहून कुणी सांगेलच असं नाही.