प्रवासातून कॉलेजचं क्रेडिट मिळवताय? या चुका टाळा

परत आलेल्या विद्यार्थ्याकडे बहुतेक सगळं असतं. फोनमध्ये दोन हजार फोटो असतात, तिकिटांचा गठ्ठा असतो, वही काठोकाठ भरलेली असते. बोलायला बसला की तासभर थांबत नाही. मग मी विचारतो, "निघण्याआधी कुणाची सही घेतली होतीस?" आणि तो गप्प होतो.

अशा फायली वाचत मी बरीच वर्षं काढली. क्रेडिट नाकारलं गेलं ते प्रवास फुकट गेला म्हणून, असं क्वचितच झालं. बहुतेक वेळा विमानात बसण्यापूर्वीच गाडी रुळावरून घसरलेली असते आणि ते कळतं महिन्याभराने. म्हणून या लेखात निघण्याआधीच्या चुकांना जास्त जागा दिली आहे.

स्वतंत्र शैक्षणिक प्रवास म्हणजे काय ते आधी सांगतो. विद्यापीठाच्या तयार स्टडी अब्रॉड कार्यक्रमात नाव न घालता विषय, ठिकाण, दिवस तुम्ही स्वतः ठरवता, आणि कॉलेजातला एखादा प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून ते काम तपासतो. अमेरिकी कॉलेजांत याची नोंद बहुधा 'इंडिपेंडंट स्टडी' किंवा 'डायरेक्टेड स्टडी' या नावाखाली होते.

आधी जाऊन येणं, मग विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त होणारीही. देशाटनाने शहाणपण येतं हे कुणीच नाकारत नाही, त्यामुळे कॉलेजही ते मान्य करेल असं गृहीत धरलं जातं. पण कॉलेजला शहाणपण मोजता येत नाही. त्याला लागतो एक कोर्स नंबर, एक सेमेस्टर, एक प्राध्यापक आणि काय शिकणार हे आधी लिहून दिलेला कागद. परत आल्यावर हा कागद करायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.

1923 सालचं उदाहरण बघा. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातले प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड यांनी आठ विद्यार्थ्यांना फ्रान्सला नेलं. अमेरिकेतल्या स्टडी अब्रॉडची सुरुवात तिथून धरतात. त्या मुलांनी आधी नान्सी शहरात भाषा पक्की केली आणि मग पॅरिसला सोरबॉन विद्यापीठात शिकली. विद्यापीठाच्या अध्यक्षांचा पाठिंबा आणि अभ्यासाची योजना हे सगळं जहाज सुटण्याआधी ठरलेलं होतं. शंभर वर्षांत जहाजाचं विमान झालं, बाकीचा क्रम तोच आहे.

निघण्याच्या किमान एक सेमेस्टर आधी हालचाल सुरू करा. प्राध्यापकाला पहिल्या ईमेलमध्ये "मला क्रेडिट मिळेल का" असं विचारू नका. त्याचं उत्तर "बघू" असंच येतं. त्याऐवजी एक पानभर लिहून पाठवा: प्रश्न कोणता, तो तिथे जाऊनच का सुटेल, आधी काय वाचणार, परतल्यावर काय हातात देणार. प्राध्यापकाला या कामाचे वेगळे पैसे बरेचदा मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. तुमची तयारी दिसली तरच तो होकार देईल. होकार मिळाल्यावर विभागप्रमुख आणि रजिस्ट्रार यांच्या सह्या राहतात. तोंडी होकारावर तिकीट काढू नका.

प्रवासाचा कार्यक्रम म्हणजेच सिलॅबस असं समजणं

"पहिला दिवस रोम, दुसरा दिवस रोम, तिसरा दिवस फ्लॉरेन्स" असं प्रपोजल माझ्याकडे कैक वेळा आलं आहे. हे ट्रॅव्हल एजंटला द्यायचं पत्रक झालं. प्रौढ आणि अनुभवाधारित शिक्षणावर काम करणारी 'केल' नावाची अमेरिकी संस्था आहे, तिचा उगम 1974 च्या एका प्रकल्पात आहे. मूल्यमापनाच्या तिच्या निकषांत पहिलाच असा आहे की क्रेडिट शिकल्याच्या पुराव्यासाठी द्यावं, अनुभवासाठी किंवा घालवलेल्या वेळेसाठी देऊ नये. प्रपोजल लिहिताना हे वाक्य समोर चिकटवून ठेवा.

मग उद्दिष्टं लिहायची तर क्रियापदांकडे बघा. 'समजून घेणे', 'ओळख होणे', 'अनुभवणे' यांना परीक्षक काट्यावर कसं तोलणार? 'तुलना करणे', 'कालक्रम लावणे', 'दोन मतांपैकी एकाच्या बाजूने पुराव्यासह मांडणी करणे' हे तपासता येतं. तीन-चार उद्दिष्टं पुरतात. दहा लिहिली की एकही धड होत नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक कबूल करतो. काय शिकणार, काय सादर करणार हे लिहून दोघांनी सही करायच्या एका करारात मी "प्रवासानंतर लेखन सादर करील" एवढंच लिहून सही केली होती. विद्यार्थिनीने सत्तर पानांचं सुरेख प्रवासवर्णन आणून दिलं. दुसऱ्या परीक्षकाला हवा होता पंधरा पानी विश्लेषणाचा निबंध. तिने करार पाळला होता, परीक्षकाचंही म्हणणं रास्त होतं, घोळ माझ्या त्या ढिसाळ ओळीचा. तिला महिनाभर पुन्हा लिहावं लागलं. तेव्हापासून पानं, स्वरूप, संदर्भांची किमान संख्या आणि तारीख असं सगळं मी करारात घालतो, आणि तुम्हीही तुमच्या प्राध्यापकाकडून लिहून घ्या.

तासांचा हिशोब न करणं

अमेरिकेत सेमेस्टरच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर, असं साधारण 15 आठवडे काम धरतात. म्हणजे एका क्रेडिटला 45 तास आणि तीन क्रेडिटच्या कोर्सला 135. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत एका क्रेडिटला 25 ते 30 तास आणि पूर्ण वर्षाला 60 क्रेडिट असतात. ब्रिटनमध्ये एका क्रेडिटला 10 तास. 'क्रेडिट' हा एकच शब्द तीन ठिकाणी तीन वजनांचा आहे, त्यामुळे तुमचं कॉलेज कोणतं वजन वापरतं ते आधी बघा.

आता 135 तास तीन आठवड्यांच्या प्रवासात कोंबायचे तर रोज जवळजवळ साडेसहा तास होतात, तेही एकही दिवस गाडीत, रांगेत किंवा अंथरुणात न जाता. ते जमत नाही, आणि प्रपोजल वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं. म्हणून तास पसरवा. चाळीस तास निघण्याआधी वाचनाला, साठ तास प्रत्यक्ष जागेवर, उरलेले पस्तीस परतल्यावर लेखनाला. जागेवरचे साठ तास पंधरा कामाच्या दिवसांत वाटले की रोजचे चार होतात आणि संध्याकाळ भटकायला मोकळी राहते. विमानाचा प्रवास तासांत धरू नका. एकाने चौदा तासांचं उड्डाण 'निरीक्षण' म्हणून लावलं होतं. हसू आलं, पण पुढचे सगळे आकडे संशयाने वाचले गेले.

वहीत फक्त कौतुक

घोडं पेंड खातं ते इथे. करार चोख, तास बरोबर, आणि वही उघडली की "अप्रतिम", "अविस्मरणीय", "शब्द अपुरे". शब्द अपुरे पडत असतील तर परीक्षक कशावर गुण देणार?

इटलीत पादुआला स्क्रोव्हेन्यी चॅपेल आहे. जोत्तो या चित्रकाराने ते साधारण 1305 पर्यंत रंगवलं. आत जायला आधी वेळ राखून ठेवावी लागते. मग लहान गटाला पाव तास एका काचेच्या दालनात थांबवतात, आतली हवा स्थिर राहावी म्हणून, आणि आत मिळतात जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. तिथून आलेली एक नोंद अशी असू शकते: "आज जोत्तोची भित्तिचित्रं पाहिली. भारावून गेले. सातशे वर्षांपूर्वीचे रंग अजून किती ताजे!"

आणि दुसरी अशी: "विलापाच्या चित्रात पुढे बसलेल्या दोन आकृत्यांची पाठ आपल्याकडे आहे. चेहरा दिसत नाही, तरी दुःख कळतं, ते पाठीच्या बाकावरून. मागचा खडक तिरका खाली उतरतो तो थेट ख्रिस्त आणि मरियमच्या चेहऱ्यांपाशी थांबतो; म्हणजे चित्राचं केंद्र मध्यभागी नसून डावीकडे खाली आहे. पुस्तकात हे चित्र पानावर एकटं होतं. इथे शेजारचं चित्र डोळ्याच्या कोपऱ्यातून सुटत नाही. मग क्रमाचा विचार मी इतके दिवस का केला नाही?"

दुसऱ्या नोंदीत एक निरीक्षण आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष आहे, आणि आधी वाचलेल्याशी लागलेली ठेच आहे. ती ठेचच क्रेडिटच्या कामाची. अशी नोंद करायची तर कोणती तीन चित्रं पाहायची हे आत शिरण्यापूर्वी ठरलेलं हवं, नाहीतर ती मिनिटं मान वर करून निळ्या छताकडे बघण्यातच जातात. (छत आहेच तसं. शेवटची दोन मिनिटं त्याला द्या.)

नोंद त्याच दिवशी करा. तारीख, ठिकाण, किती वेळ होता ते वरच्या कोपऱ्यात लिहा. परतल्यावर एका बैठकीत लिहून काढलेली 'रोजनिशी' एकाच शाईची आणि एकाच सुराची असते. वाचणाऱ्याला ती पहिल्या दोन पानांत कळते.

दारं उघडी असतील हा भरवसा

पॅरिसचं लूव्हर संग्रहालय मंगळवारी बंद असतं. मिलानला लिओनार्दोचं 'अखेरचं भोजन' पाहायला आधी नोंदवलेली पाव तासाची वेळ लागते. हे तरी पर्यटकालाही लागू आहे. अभिलेखागारांचं प्रकरण आणखी कडक असतं. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मूळ कागद हातात हवे असतील तर रीडर्स टिकिट काढावं लागतं आणि त्याला नावाचा व पत्त्याचा पुरावा लागतो. व्हॅटिकनच्या अभिलेखागारात पदवीपूर्व विद्यार्थ्याला प्रवेशच नाही. ज्या प्रपोजलचा सगळा डोलारा अशा एका दारावर उभा असतो, ते दार तुमच्यासाठी उघडतं का हे ईमेलने विचारून घ्या आणि आलेलं उत्तर प्रपोजलला जोडा.

माणसांच्या मुलाखती घेणार असाल तर आणखी एक पायरी आहे. अमेरिकी कॉलेजांत माणसांवरच्या संशोधनाला आयआरबी या नैतिकता समितीची पूर्वपरवानगी लागते. मौखिक इतिहासाचं काम त्या नियमांतून वगळलेलं आहे, पण तुमचं काम त्यात बसतं की नाही हे तुम्ही ठरवायचं नसतं, समितीला विचारायचं असतं. आधी मुलाखती आणि मग परवानगी असा क्रम झाला तर गोळा केलेलं साहित्य वापरता येत नाही, आणि मागच्या तारखेची परवानगी कुणी देत नाही.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, अल्प मुक्कामाला कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा आहे. तिथल्या संस्थेत रीतसर प्रवेश घेणार असाल तर पर्यटक व्हिसा चालेल का, हे वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा, मित्राला विचारू नका.

क्रेडिट मिळालं, पण पदवीत कुठेच बसलं नाही

हे फार जिव्हारी लागतं. ट्रान्सस्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) तीन क्रेडिट दिसतात, पण ती इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयांत, जातात आणि इलेक्टिव्हचा कोटा आधीच भरलेला असतो. मेजरमध्ये (मुख्य विषयात) धरायचं तर विभागाची वेगळी मान्यता हवी होती. काही कॉलेजांत इंडिपेंडंट स्टडीची एकूण किती क्रेडिट चालतील यावरही मर्यादा असते. तेव्हा रजिस्ट्रारला एकच प्रश्न विचारा: "हे क्रेडिट माझ्या पदवीत नेमकं कुठे बसणार?" उत्तर लेखी घ्या.

फीचंही बघा. उन्हाळ्यात क्रेडिटच्या हिशोबाने फी लागते, तुम्ही कॉलेजच्या इमारतीत पाऊल टाकलं नाही तरीही. अमेरिकेतल्या फेडरल डायरेक्ट लोनला, म्हणजे सरकारी शैक्षणिक कर्जाला, किमान अर्धवेळ नोंदणी लागते. तीन क्रेडिटची एकच नोंदणी बहुधा तेवढी होत नाही. आणि एकच निबंध दोन कोर्सना देऊ नका. स्वतःचाच असला तरी बऱ्याच ठिकाणी तो गैरप्रकार धरला जातो.

आधीच जाऊन आला असाल तर

सगळं संपलं असं नाही. पूर्वी शिकलेल्याचं मूल्यमापन करणारी कॉलेजं आहेत. तिथे पोर्टफोलिओ मांडायचा असतो, पण तो प्रवासाचा नव्हे, कॅटलॉगमधल्या एखाद्या ठरावीक कोर्सचा. त्या कोर्सची उद्दिष्टं एका बाजूला आणि तुमचा पुरावा दुसऱ्या बाजूला. फोटो आणि तिकिटं इथे फारशी कामाला येत नाहीत. ती तुम्ही गेला होतात एवढंच सांगतात.

भाषा शिकून आला असाल तर वाट सोपी आहे. कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेच्या क्लेप परीक्षांमध्ये (या पास झाल्या की वर्गात न बसता क्रेडिट मिळू शकतं) फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश आहेत. तुमचं कॉलेज ती मानतं का आणि किती गुणांवर, तेवढं बघा. काही विभाग स्वतःची परीक्षाही घेतात. यातलं काहीच नसेल तर पुढच्या सेमेस्टरला त्याच साहित्यावर इंडिपेंडंट स्टडी मागा. क्रेडिट नव्या कामाचं मिळेल, जुना प्रवास कच्चा माल होईल.

वाटेत बिनसलं तर

संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद निघालं, संपामुळे गाडी सुटली नाही, ज्यांना भेटायचं ते आजारी पडले. असं होतंच. त्याच दिवशी मार्गदर्शकाला ईमेल करा आणि त्यात तक्रारीसोबत पर्यायही द्या: उद्दिष्ट तेच, जागा ही, वेळ ही. "चालेल" एवढं उत्तर आलं तरी पुरे, ते जपून ठेवा. गप्प राहून परतल्यावर सांगितलं की तो बदल न राहता त्रुटी होते.

वहीच्या पानांचे फोटो रोज रात्री काढून स्वतःलाच ईमेल करा. मार्गदर्शक मध्येच रजेवर जाण्याची किंवा नोकरी सोडण्याची शक्यता असतेच, म्हणून करारात दुसऱ्या प्राध्यापकाचं नाव असू द्या.

आणि आजारपणाने काम अर्धं राहिलं तर 'इनकम्प्लीट' (काम अपूर्ण असल्याची तात्पुरती नोंद) मागा, पण सेमेस्टर संपण्यापूर्वी. त्याला मुदत असते, आणि ती उलटली की बऱ्याच कॉलेजांत त्या जागी आपोआप 'एफ', म्हणजे नापासाचा शेरा, पडतो. तो काढायला लागणारे अर्ज मी भरून दिले आहेत, एकेकाला चार सह्या लागतात.