इंजिन सगळ्यात शेवटी: घरी बांधलेली पहिली ऑफ-रोड गो-कार्ट

गो-कार्ट, म्हणजे छोटी उघडी चारचाकी, बांधायचं ठरलं की माणूस आधी इंजिन शोधायला निघतो. आम्हीही तेच केलं. मी आणि माझा भाचा एका रविवारी शंभर सीसीचं जुनं इंजिन गोणपाटात गुंडाळून रिक्षातून पुण्यातल्या धायरीच्या शेडमध्ये घेऊन आलो. पुढचे चार महिने ते कोपऱ्यात पडून होतं, कारण ते बसवायला गाडीच नव्हती. भाचा येता-जाता त्याला किक मारून बघायचा, तेवढाच त्याचा उपयोग.

म्हणून इथे क्रम उलटा दिला आहे. इंजिन नसलेली गाडी आधी उतारावरून सरळ खाली आली पाहिजे, वळली पाहिजे आणि हवी तिथे थांबली पाहिजे. ते जमलं की मग इंजिन.

खडूने गाडी काढा

कागदावरच्या चित्रापेक्षा फरशीवरचं चित्र बरं. जो चालवणार आहे त्याला भिंतीला टेकून फरशीवर बसवा आणि त्याच्याभोवती खडूने गाडी काढा. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण १५० सेंटिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांत ११० सेंटिमीटर अंतर ठेवा. याहून अरुंद गाडी वळणावर एका अंगावर उठते.

चाकं रिक्षाची घ्या. ४.०० – ८ मापाचा टायर बाहेरून साधारण १६ इंच व्यासाचा असतो, जाड असतो आणि पुण्यात कुठेही मिळतो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. ही रिम दोन भागांची असते आणि ते भाग नट-बोल्टने जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना हे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या आणि मगच पाना लावा.

चौकट

१९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बांधली, ती गुळगुळीत डांबरासाठी. आपल्याला मुरूम, ढेकळं आणि बांध पार करायचे आहेत, त्यामुळे पाईप जाड हवा. पहिल्यांदा बांधणाऱ्याने तळाच्या चौकटीला एक इंची चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाईप वापरावा, भिंत म्हणजे पत्र्याची जाडी किमान २ मिलिमीटर. गोल पाईप दिसतो छान, पण त्याचं प्रत्येक टोक दुसऱ्या पाईपवर बसेल असं अर्धगोल घासावं लागतं आणि नवशिक्याचा सगळा वेळ त्यातच जातो. डोक्यावरची कमान मात्र गोल पाईपची आणि बेंडिंग मशीनवर वाकवून घेतलेलीच हवी. तिला सव्वा इंची, ३ मिलिमीटर भिंतीचा पाईप घ्या. गाडी उलटली तर मान त्या कमानीच्या भरवशावर असते.

नळाचा जीआय पाईप घरात पडलाय म्हणून वापरू नका. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

वेल्डिंग येत नसेल तर वेल्डरला पैसे द्या, त्यात कमीपणा नाही. पण कापणं, घासणं आणि जुळवणं स्वतः करा. सपाट जागी सगळे तुकडे मांडा, गुण्या लावा आणि आधी फक्त वेल्डिंगचे ठिपके देऊन टाचून घ्या. मग दोरीने दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले तरच पक्कं वेल्डिंग, तेही एका कोपऱ्यातून एकदम न करता समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने. एकाच बाजूने रेटलं की उष्णतेने चौकट पापडासारखी वाकते. आणि ग्राइंडर दुपारी दोन ते चार चालवू नका. हे वेल्डिंगचं शास्त्र नाही, पुण्याचं आहे.

मागचा शॅफ्ट

ईएन ८ पोलादाचा ३० मिलिमीटरचा सरळ शॅफ्ट आणि त्याला दोन यूसीपी २०६ (चौकटीवर बोल्टने बसणारी) बेअरिंग, शक्य तितकी चाकांजवळ. चाकांचे, ब्रेक डिस्कचे आणि सॉकेटचे (स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र) हब, म्हणजे त्यांना शॅफ्टवर धरणारे मधले भाग, लेथवर करून घ्यावे लागतात. भोसरीत हे काम करणारी छोटी वर्कशॉप्स गल्लोगल्ली आहेत. जाताना नुसतं तोंडी वर्णन घेऊन जाऊ नका. प्रत्येक वस्तू हातात घेऊन जा आणि मापं लिहून द्या. शॅफ्टवरची की-वे, म्हणजे हब शॅफ्टवर फिरू नये म्हणून बसवायच्या चावीची खाच, ८ मिलिमीटरची. हे काम स्वस्तात उरकू नका, कारण चाक निखळतं ते इथेच.

दोन्ही चाकं एकाच शॅफ्टवर पक्की असल्यामुळे डांबरावर गाडी वळायला कुरकुरते. मातीत चाक थोडं घसरतं, म्हणून चालून जातं.

सस्पेन्शन पहिल्या गाडीला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, सीटखाली जाड फोम घाला आणि ताशी २५-३० च्या वर जाऊ नका.

स्टिअरिंग

वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण त्याचं वर्तुळ लहान असतं. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली आहे. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर यांची ती कल्पना, आणि १८१८ मध्ये अकरमन यांनी लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्यापुरतं इतकंच: पुढच्या किंगपिनपासून (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती) मागच्या शॅफ्टच्या मध्यापर्यंत दोरी ताणा आणि स्टिअरिंगचा हात, म्हणजे चाक वळवणारी पट्टी, त्या दोरीच्या रेषेत वेल्ड करा. दोन्ही बाजूंना तसंच. किंगपिनचं वरचं टोक साधारण १० अंश मागे झुकवा, म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला बघतं.

स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला जी छोटी पट्टी असते, तिला दोन्ही टाय रॉड, म्हणजे चाकांच्या हातांपर्यंत जाणारे दांडे, जोडतात. हात मागच्या दिशेला असतील तर ही पट्टी खाली लोंबती हवी. आम्ही ती वर ठेवून वेल्ड केली. भाच्याने डावीकडे फिरवलं, चाकं उजवीकडे गेली. तो शांतपणे म्हणाला, "मामा, आपण इंग्लंडसाठी बांधतोय का?" तिथेही असं नसतं, पण तेव्हा मला ते सुचलं नाही.

ब्रेक, आणि मग उतार

एखाद्या बाईकचा मागचा डिस्क ब्रेक जसाच्या तसा उचला: पायाचा मास्टर सिलिंडर, होज, कॅलिपर, डिस्क. नाना पेठेत दुचाकीचे सुटे भाग मिळतात, तिथे सगळं एका फेरीत होतं. डिस्क शॅफ्टवर बसली की एकाच ब्रेकने मागची दोन्ही चाकं धरली जातात. होजमधली हवा नीट काढा. पेडल स्पंजसारखं दबलं तर आत हवा आहे.

आता गाडी शेतातल्या मोकळ्या उतारावर न्या, हेल्मेट आणि बेल्ट लावा आणि ढकला. वळते का, थांबते का, सरळ पळते का, ते बघा. आमची डावीकडे ओढत होती, कारण एक टाय रॉड बोटभर लांब होता. इंजिन असतं तर हेच बांधावर जाऊन कळलं असतं.

इंजिन

जुन्या शंभर सीसी बाईकचं, चार गिअरचं इंजिन पुरे. मात्र विकणाऱ्याकडून बिल आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत घ्या आणि इंजिन नंबर जुळवून बघा. आम्ही कागद न मागता घेतलेलं ते पहिलं इंजिन परत केलं आणि थोडे पैसे बुडवले. शक्य असेल तर भंगार बाईकच्या चौकटीतल्या इंजिन धरणाऱ्या पट्ट्याही कापून आणा, भोकं जुळवायची डोकेदुखी वाचते.

इंजिन बाईकवर असतं त्याच दिशेने, त्याच कलात बसवा. उलटं फिरवून बसवलं तर गाडी चारही गिअरमध्ये मागे जाईल. माउंटिंगची भोकं लांबट ठेवा, म्हणजे इंजिन मागे-पुढे सरकवून चेन ताणता येते. चेन मधोमध दोनेक सेंटिमीटर हलली पाहिजे.

सॉकेट निवडताना जरा गणित करा. बाईकचं चाक टायरसकट सुमारे २४ इंच, आपलं १६. म्हणजे तेच सॉकेट ठेवलं तरी वेग दोन-तृतीयांश होतो आणि ओढ दीडपट. आणखी ओढ हवी म्हणून मोठं सॉकेट लावायचा मोह होतो. पण ४२ दात्यांचं सॉकेट सुमारे १७ सेंटिमीटर व्यासाचं असतं, त्याखाली जमिनीपर्यंत ११ सेंटिमीटर उरतात. ६० दात्यांचं लावलं की जेमतेम ७. मुरमातला पहिलाच दगड चेनवर बसतो. ४२ वरच राहा आणि खाली जाड पत्र्याची ढाल लावा.

पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या वर पण सायलेन्सरपासून लांब, सीट आणि इंजिनाच्या मध्ये पत्रा, चेनवर झाकण. ॲक्सिलरेटरच्या पेडलला दोन स्प्रिंग लावा, एक तुटली तरी दुसरी पेडल परत आणते. इंजिन बंद करायचा लाल स्विच बेल्ट बांधलेल्या हाताला पोचेल असा हवा.

इंजिनिअरिंगची मुलं ज्या बाहा स्पर्धेसाठी अशा गाड्या बांधतात, तिथे चालकाला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडून दाखवावं लागतं. घड्याळ लावून घरीही करा. आमचा पहिला आकडा अकरा होता, बेल्टचं बक्कल सीटखाली गेलं होतं.

कुठे चालवायची

रस्त्यावर नाही. नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, सोसायटीच्या गेटबाहेरच्या गल्लीतही. टेकड्यांवरही नाही, तिथे लोक पहाटे फिरायला येतात. बाजरी निघालेलं ओळखीतलं रान, मालकाला विचारून, हे सगळ्यात उत्तम. आम्ही सासवडजवळ साडूंच्या शेतात गेलो, टेम्पोत घालून. सोबत अग्निशामक सिलिंडर होता. ओढणी, स्कार्फ, मोकळे केस चेनजवळ अजिबात नकोत.

निघण्याआधी प्रत्येक नटापासून शेजारच्या पाईपपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. पहिल्या फेरीनंतर इंजिन बंद करून एकेक रेघ बघत जा. आमची पहिली फेरी दहा मिनिटांची होती. एकतीस नटांवरच्या रेघा जागच्या जागी होत्या. डाव्या टाय रॉडच्या नटावरची रेघ मात्र पाव फेरा सरकली होती. त्या दिवशी गाडी तिथेच थांबवली, आणि पुढच्या रविवारी सगळे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे) घेऊन गेलो.