मुरमाड माळावर गवत उगवून करपतंय? असं जमलं

हातकणंगल्याकडचा माळ, मुरमावर जेमतेम वीतभर माती. मारवेल या चाऱ्याच्या गवताचं बी उगवायचं, पावसानं ओढ दिली की करपायचं. नांगरटीनं मुरूम वर आला, युरिया वाहून गेला. दोन पावसाळे फुकट.

मे महिन्यात पाण्याच्या नळीनं समपातळी रेषा आखल्या. त्यांवर सुटे दगड फूटभर रचले, खालचा थर चार बोटं रुतवून. नाहीतर पाणी बुडातून माती घेऊन जातं. बारके दगड वेचले नाहीत, त्यांच्याखाली ओल टिकते. पहिल्या दमदार पावसानंतर बांधाच्या चढाकडची माती दाताळानं नुसती खरवडली. बी हलकं, वाऱ्यानं उडतं. म्हणून चाळलेल्या ओलसर मातीत कालवून फेकलं, वर सेंटिमीटरभरच माती, मग पायानं दाबलं. खोल गेलेलं उगवत नाही. पहिल्या वर्षी चराई बंद, बी झडल्यावरच कापणी.