पडवीत मोजा आईची चाल

गणपतीला गावी गेलात की आईला ‘गुडघे कसे आहेत’ विचारू नका. ती ‘बरे आहेत’ म्हणणार. त्यापेक्षा मोजा.

पडवीत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तिथून 3 मीटरवर खडूची रेघ मारा. खळ्यात नको; पावसात जांभ्या चिऱ्यावर शेवाळ असतं. मोबाईलवर वेळ लावा: उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. रोजची चप्पल, काठी असेल तर काठीसकट. एकदा सराव, मग मोजणी. तुम्ही बाजूने चालत राहा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे, फिजिओथेरपिस्टला दाखवाच.

आकड्याइतकंच वळणाकडे बघा. चार-पाच तुटक पावलं टाकून वळते का? हात भिंतीकडे जातो का? मला तर हेच जास्त बोलकं वाटतं.

मांड्यांची ताकद बघायला हात छातीवर दुमडून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहते ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला 10 पेक्षा कमी जमलं तर ताकद कमी समजा.

आकडे कालनिर्णयावर लिहून ठेवा. शिमग्याला पुन्हा तीच खुर्ची, तीच रेघ.