प्लग जळायच्या आधी अँपियर काढा

मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात वायर घ्यायला गेलं की काउंटरवरचा माणूस विचारतो लोड किती आहे, आणि बरेच जण "गिझरला पाहिजे" एवढंच सांगून मोकळे होतात. तसं करू नका, अँपियर म्हणजे करंट किती वाहतो ते सांगा, ते काढायला शाळेतला भागाकार पुरतो.

घरात व्होल्टेज २३० धरायचं. गिझरच्या स्टिकरवर वॅट असतात, समजा २०००. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपियर, २००० ÷ २३० = ८.७. छोटा सॉकेट असतो ६ अँपियरचा, त्यामुळे मोठा प्लग छोट्यात बसवणारा तो कन्व्हर्टर मिळतो ना, तो लावून गिझर चालवायचा नाही म्हणजे नाही. १००० ची इस्त्री ४.३५ अँपियर घेते, ती चालेल, पण त्याच सॉकेटला एक्स्टेंशन लावून त्यावर १५०० ची किटली पण लावली की अजून ६.५ वाढले, झाले जवळपास ११. (फ्रिज, एसीला मोटर असते, तिथे करंट या हिशोबापेक्षा थोडा जास्तच येतो.)

आता रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा. व्होल्ट भागिले अँपियर म्हणजे ओहम, जर्मनीच्या जॉर्ज ओहमने १८२७ साली मांडलेला नियम तो हाच. २३० ÷ ८.७ = साधारण २६. गिझर पाणी तापवत नसेल तर मेन स्विच पाडा, कॉइलच्या वायरी सोडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकांना लावा, २६ च्या आसपास दाखवलं तर कॉइल शाबूत आहे, मग थर्मोस्टॅट तपासा, आणि रीडिंगच आलं नाही तर कॉइल गेली. चालू लाइनवर मात्र मीटर ओहमवर किंवा अँपियरवर ठेवून कधीच लावायचा नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. वायरीत किंवा प्लगमध्ये किती उष्णता होते ते काढायचं तर अँपियर गुणिले अँपियर गुणिले ओहम. सॉकेटची पिन ढिली झाली आणि तिथे फक्त अर्धा ओहम आला असं धरा, ८.७ × ८.७ × ०.५ = ३८ वॅट, म्हणजे एक सोल्डरिंग आयर्न सॉकेटच्या आत सतत चालू आहे, प्लास्टिक वितळणारच. त्याच ढिल्या पिनवर इस्त्री लावली तर करंट निम्मा पण उष्णता चौथाई, साडेनऊ वॅट. म्हणून प्लग गरम लागला, पिवळा पडला की सॉकेट बदलून टाका, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायची वाट बघू नका, कारण ढिल्या पिनने करंट वाढत नाही मग एमसीबीला कळणार कसं.

गणपतीच्या डेकोरेशनला १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप लावतो तिथेही हीच गंमत. ६० वॅटची स्ट्रिप, ६० ÷ १२ = ५ अँपियर. अॅडॅप्टर मखरापासून पाच मीटर लांब ठेवला आणि वायर अर्ध्या एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर) असेल तर जाऊन-येऊन दहा मीटरचा रेझिस्टन्स साधारण ०.४ ओहम, ५ × ०.४ = २ व्होल्ट वाटेतच गेले, मखरात पोचले १० आणि लाइट मंद. दीड एमएमची वायर घ्या, ड्रॉप पाऊण व्होल्टच्या आत येतो, नाहीतर अॅडॅप्टर मखराच्या मागेच ठेवा आणि २३० ची लाइन तिथपर्यंत न्या.