तान्ह्या बाळाला स्पायनल देताना या चुका टाळा

बाळाला स्पायनल, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुईने द्यायची भूल, देत होतो. सुई बसली, मणक्यातलं पाणी आलं, औषध गेलं. मिनिटभरात बाळाचे पाय ओल्या फडक्यासारखे पडले. मी मनातल्या मनात 'जमलं' म्हणतोय, तोवर थिएटरमधल्या मदतनीस मामांनी दोन्ही पाय धरून बाळाला कमरेतून वर उचललं आणि सिस्टरनी खाली कॉटरीची (विजेने रक्त थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट सरकवली. मोठ्या पेशंटला रोज असंच करतात, त्यांचं काही चुकलं नव्हतं. आधी सांगायला हवं होतं मी, आणि मी सांगितलं नव्हतं. थोड्याच वेळात रडणं बारीक झालं, मग हात हलायचे थांबले, मग श्वास. मास्क लावला, ट्यूब टाकली, तासभर बॅग दाबत उभा राहिलो. हर्नियाचं ऑपरेशन तेवढ्या वेळात उरकलं, औषध उतरलं, बाळ ट्यूब चावायला लागलं. त्याला काही झालं नाही. मला मात्र तो तास अजून आठवतो.

हेवी ब्युपिव्हॅकेन हे स्पायनलचं औषध मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड असतं, तळाला जातं. पाय वर म्हणजे छाती-मान खाली, आणि औषध तिकडे वाहतं. म्हणून प्लेट स्पायनलच्या आधीच चिकटवा. राहिलीच तर डोक्यापासून पायापर्यंत अख्खं बाळ एका पातळीत उचला. लंगोट बदलायचा असला तरी हाच नियम. टेबलाचं डोकं खाली करायचं नाही, हे सर्जनलाही आधीच सांगून ठेवा.

मोठ्यांमध्ये स्पायनल वर चढलं की बीपी पडतं आणि मॉनिटर ओरडतो. तान्ह्या बाळात बीपी बहुतेक वेळा जागेवर राहतं, त्यामुळे त्याच्यावर विसंबून चालत नाही. इथे गप्प होणं ही खूण. घोटाळा असा की चांगलं बसलेलं स्पायनलही बाळाला झोपवतं. फरक बघायचा तर बाळाच्या हाताचं बोट हलकेच दाबा. झोपलेलं बाळ हात ओढून घेतं, औषध वर चढलेल्या बाळाचा हात तसाच पडून राहतो. दुसरा डोळा पोटाच्या हालचालीवर ठेवा. मास्क आणि बाळाच्या मापाची बॅग हाताशी हवी. कपाटात असली तर उपयोग नाही.

इन्सुलिनच्या सिरिंजचा घोळ

पाच किलोच्या आतल्या बाळाला हेवी ब्युपिव्हॅकेन साधारण किलोमागे ०.५ मिग्रॅ, नवजातांत काही ठिकाणी १ मिग्रॅपर्यंत देतात. मोठ्या माणसाच्या मानाने हा डोस भरमसाट वाटतो, पण बाळाच्या मणक्यातलं आणि मेंदूभोवतीचं पाणी किलोमागे ४ मिली असतं, आपलं २ मिली. त्यामुळे औषध जास्त लागतं आणि उतरतंही लवकर.

३ किलोचं बाळ धरा. १.५ मिग्रॅ, म्हणजे ५ मिग्रॅ प्रति मिलीच्या अँप्युलमधून फक्त ०.३ मिली. एवढं मोजायला १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज लागते. ती संपली की कुणीतरी सुई निघणारी इन्सुलिनची सिरिंज आणून देतं. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची (१ मिलीत तेवढी युनिटं) अशा दोन्ही मिळतात. १०० च्या सिरिंजवर ०.३ मिली म्हणजे ३० ची खूण, ४० च्या सिरिंजवर १२ ची. ४० ची सिरिंज घेऊन सवयीने ३० पर्यंत ओढलंत तर ०.७५ मिली गेलं, अडीच पट. युनिट वाचूच नका. मिलीच्या खुणा नसतील तर ती सिरिंज खाली ठेवा.

सुईच्या दांड्यात आणि हबमध्ये, म्हणजे तिच्या मागच्या जाड भागात, थोडं औषध अडकतं. ०.३ मिलीच्या हिशोबात तेवढंही मोठं असतं. तुमच्याकडच्या सुईत किती मावतं ते एकदा पाणी भरून मोजून ठेवा आणि तेवढं जास्त ओढा. 'डोस बरोबर होता, तरी चढलंच नाही' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

आणि अँप्युल स्वतः वाचा. रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रानेक्सामिक ॲसिडची अँप्युल स्पायनलची समजून मणक्यात गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ मध्ये त्याबद्दल इशारा द्यावा लागला. एका ट्रेमध्ये दोन्ही नकोत. प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) असलेली मोठी व्हायलही नको.

पाठीवर जागा शोधताना

जन्मतः मज्जारज्जू साधारण तिसऱ्या कटिमणक्यापर्यंत येतो आणि वर्षभरात पहिल्याच्या आसपास वर सरकतो. मोठ्यांच्या सवयीने एक जागा वर टोचलं तर सुई थेट मज्जारज्जूत जाऊ शकते. कंबरेच्या दोन्ही हाडांना जोडणारी रेघ नवजातात पाचव्या कटिमणक्याच्या खालच्या भागात पडते. त्या रेघेवर किंवा तिच्या लगेच वरच्या जागेत काम करा, आणखी वर नाही.

त्वचेपासून खोली जेमतेम १ ते दीड सेंटीमीटर. २५ किंवा २६ गेजची, आखूड, आत स्टायलेट (पोकळी बंद करणारी तार) असलेली सुई वापरा. ती नाही म्हणून साधी इंजेक्शनची सुई वापरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. पोकळ सुईने त्वचेचा कण आत गेला तर काही वर्षांनी मणक्यात गाठ होऊ शकते. सुया स्वस्त आहेत, फक्त मागणीपत्रात लिहायच्या राहतात. वर्षाच्या यादीत आधीच टाका.

बाळाला धरणाऱ्याची चूक सगळ्यात जास्त दिसते. पाठ वाकवायच्या नादात मानही छातीला टेकवतात, आणि श्वासाची वाट बंद होते. पाठ वाकलेली हवी, मान मोकळी. 'मामा, मान सोडा' हे वाक्य मी आता सवयीने म्हणतो, धरणारे मामा असोत वा एमडीचा विद्यार्थी.

सर्जन हात धुवायला गेले

तान्ह्या बाळात स्पायनलचा असर तासाभराचा, कधी त्याहून कमी; ऑपरेशनला तेवढाच वेळ मिळतो. स्पायनल देऊन 'सर, या' असा निरोप पाठवलात तर त्यातली १५ मिनिटं गेलीच. सर्जन गाऊन-ग्लोव्हज घालून तयार उभे राहिले की मगच सुई हातात घ्या. दोन्ही बाजूंचा हर्निया, आतडं अडकलेलं, पहिल्यांदाच करणारा सर्जन, असं काही असेल तर पूर्ण भूलच बरी. हर्नियाची पिशवी ओढली की नाडी मंदावू शकते. नाडी वाढवणारं ॲट्रोपिन काढून ठेवा.

मध्येच बाळ रडायला लागलं की सगळ्यांचा हात केटामिन या गुंगीच्या औषधाकडे जातो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्पायनलबरोबर केटामिन दिलेल्या, वेळेआधी जन्मलेल्या ९ बाळांपैकी ८ जणांचा श्वास थांबला होता. आधी साखरेच्या पाण्यात बुडवलेला गॉजचा बोळा चोखायला द्या, खोली गरम करा, एसी बंद करा. मध मात्र नको, वर्षाच्या आत कधीच नको, आजी कितीही म्हणाल्या तरी. सुन्न पायांतून उष्णता झपाट्याने जाते, म्हणून पायांना कापूस गुंडाळा.

एवढं करूनही बाळ दुखण्याने रडत असेल तर स्पायनल फसलंय असं मान्य करून पूर्ण भूल द्या. अर्धवट चढलेल्या स्पायनलवर दुसरा डोस देऊ नका.

आई-वडिलांना काय सांगायचं

'पूर्ण भूल दिली तर मेंदूवर परिणाम होतो, म्हणून पाठीतली देतो', असं सांगणारे भूलतज्ज्ञ मी ऐकलेत. सात देशांतल्या ७२२ बाळांवर झालेल्या 'गॅस' अभ्यासात तासाभराच्या आतली सेव्होफ्लुरेनची (हुंगवून द्यायची पूर्ण) भूल आणि जागेपणीची स्पायनल-कॉडल (कॉडल म्हणजे माकडहाडाजवळून दिलेली भूल) यांची तुलना झाली. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही; हे निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासात श्वास थांबण्याचं प्रमाण स्पायनलच्या गटात पहिल्या अर्ध्या तासात कमी होतं, पण पहिल्या १२ तासांचा एकूण हिशोब जवळपास सारखाच निघाला.

त्यामुळे 'स्पायनल होतं, लगेच वॉर्डात पाठवा' हे चुकतं, विशेषतः वेळेआधी जन्मलेल्या बाळांत. गर्भातले आणि जन्मानंतरचे मिळून ६० आठवडे भरले नसतील तर रात्रभर बोटाला किंवा पायाला ऑक्सिमीटर हवा. आईला वय विचारताना 'किती महिन्यांचं?' बरोबर 'दिवस भरून झालं का?' हेही विचारा. आणि बाळंतपण घरी झालं असेल तर व्हिटॅमिन के दिलं होतं का, तेही. नसेल तर रक्तस्रावाची शंका मिटेपर्यंत पाठीला हात लावू नका. कमरेखाली खड्डा, केसांचा पुंजका किंवा पाठीवर फोड दिसला तरी थांबा.

ऑक्सिमीटर एकच असेल तर तो ऑपरेशन थिएटरमध्ये अडकवून ठेवू नका. तो बाळाबरोबर वॉर्डात जाऊ द्या, आणि खाट रात्रपाळीच्या सिस्टरच्या टेबलाला लागून घ्या, जिथून आवाज ऐकू येईल.